थेरपिस्ट घडतो कसा, आणि त्या घडण्याचा उपयोग होतो का?

"सायकॉलॉजीत एम.ए. केलं की थेरपिस्ट होता येतं ना?" मी मानसोपचारावरच्या संशोधनात पीएच.डी. करतोय म्हटल्यावर निम्मे लोक हाच प्रश्न विचारतात. उत्तर द्यायला गेलं की ते लांबत जातं, म्हणून आज ते नीट लिहूनच काढतो. मात्र सगळ्या थेरपी एकदम घेत नाही, एकच घेतो: सायकोडायनॅमिक सायकोथेरपी. तिचं प्रशिक्षण सगळ्यात लांब चालतं आणि बाहेरून बघणाऱ्याला सगळ्यात विचित्र वाटतं.

आधी ही थेरपी म्हणजे काय ते बघू. मराठी वाचकांना REBT, म्हणजे 'आरईबीटी' किंवा विवेकनिष्ठ मानसोपचार, बऱ्यापैकी माहीत आहे, कि. मो. फडके यांच्या लेखनामुळे ती घराघरात पोचली. तिथे तुमचे विचार तपासून बघायचे असतात: हा विचार तर्काला धरून आहे का, याला पुरावा काय. सायकोडायनॅमिक थेरपीची वाट वेगळी. तिचं गृहीतक असं की माणसाच्या वागण्याचा मोठा भाग नेणिवेतून, म्हणजे त्याच्या स्वतःच्याही नजरेआडून, ठरत असतो. लहानपणी जवळच्या माणसांशी जी नाती जुळली, त्यांचे साचे मोठेपणीही चालू राहतात. हे साचे नुसतं विचारून कळत नाहीत. ते थेरपिस्टच्या खोलीत, थेरपिस्टशीच वागताना दिसायला लागतात. याला ट्रान्सफरन्स म्हणतात.

उदाहरण घेऊ (काल्पनिक आहे). एक माणूस दर आठवड्याला दहा मिनिटं उशिरा येतो, येताच तीनदा माफी मागतो आणि थेरपिस्टच्या चेहऱ्याकडे बघत राहतो. तो रागवण्याची वाट बघतोय. थेरपिस्ट रागावलेला नसला, तरी त्या माणसाच्या डोक्यात समोर बसलेला कोणीतरी 'रागावणारा' आहे. आता गंमत अशी की काही आठवड्यांनी थेरपिस्टला खरंच राग यायला लागतो. हा राग कुणाचा? त्या माणसाने नकळत उभा केलेला, की थेरपिस्टच्या आज सकाळी घरी झालेल्या भांडणातून आलेला? थेरपिस्टच्या मनात उठणाऱ्या या प्रतिक्रियांना काउंटरट्रान्सफरन्स म्हणतात. फ्रॉइडने १९१० मध्ये हा शब्द वापरला तेव्हा त्याच्या दृष्टीने ती अडचण होती, दूर करायची गोष्ट. १९५० मध्ये पॉला हायमन यांनी उलटं मांडलं: थेरपिस्टच्या भावना हे रुग्णाला समजून घेण्याचं एक साधन आहे.

प्रयोगशाळेत काम केलेल्या माणसाला इथे लगेच शंका येईल. साधन आहे म्हणता, मग त्याचं कॅलिब्रेशन कुठे आहे? तराजू मुळातच दोन ग्रॅम जास्त दाखवत असेल, तर त्यावर काहीही ठेवा, आकडा चुकणारच. सायकोडायनॅमिक प्रशिक्षण म्हणजे या शंकेला दिलेलं उत्तर आहे, असं समजून पुढचं वाचा. मग त्यातल्या विचित्र वाटणाऱ्या गोष्टींचा अर्थ लागतो.

प्रशिक्षणाचा आराखडा आला कुठून

सुरुवातीला काहीच ठरलेलं नव्हतं. फ्रॉइडने स्वतःचं विश्लेषण स्वतःच केलं. त्याच्या भोवतीचे लोक त्याच्या घरी जमून चर्चा करत आणि रुग्ण बघायला लागत. फेब्रुवारी १९२० मध्ये बर्लिनला मॅक्स आयटिंगॉन आणि कार्ल अब्राहम यांनी एक दवाखाना सुरू केला. ज्याला जेवढे जमतील तेवढे पैसे द्यावेत, नसतील तर फुकट. पहिल्या महायुद्धानंतरचं बर्लिन ते, गर्दी झाली. एवढ्या लोकांना बघायला माणसं हवीत, आणि ती तयार करायला पद्धत हवी. तिथे तीन खांबांची पद्धत बसली: स्वतःचं विश्लेषण, सिद्धांताचे वर्ग आणि अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली रुग्ण बघणं. १९२५ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने प्रशिक्षणासाठी आयोग नेमला आणि हीच चौकट पसरली. आजही जगभर जवळपास तीच आहे. पुढे लंडनमधून तिला एक चौथी गोष्ट जोडली गेली. चारही क्रमाने बघू.

एक: आधी स्वतः रुग्ण व्हा

प्रशिक्षण घेणाऱ्याने स्वतः थेरपी घ्यायची. एखाद-दोन सत्रं नमुन्यादाखल नव्हेत, प्रशिक्षण चालू असेपर्यंत, म्हणजे कित्येक वर्षं. पूर्ण मनोविश्लेषक व्हायचं असेल तर आठवड्यातून ३ ते ५ वेळा. सायकोडायनॅमिक थेरपिस्ट व्हायचं असेल तर बहुतेक ठिकाणी आठवड्यातून एकदा-दोनदा चालतं.

"पण मला काही त्रासच नाही" असं म्हणून सुटका नाही. मुद्दा आजाराचा नाहीच. वरच्या उदाहरणातला थेरपिस्ट आठवा. उशिरा येणाऱ्या माणसांचा त्याला मुळातच राग असेल, कारण त्याच्या घरी वडिलांची वाट बघण्यात बालपण गेलं, तर ते त्याला आधी माहीत हवं. फ्रॉइड तर १९३७ मध्ये म्हणाला होता की विश्लेषकांनी दर पाच वर्षांनी पुन्हा स्वतःचं विश्लेषण करून घ्यावं.

या खांबाला एक जुनी कीडही आहे. अनेक संस्थांमध्ये प्रशिक्षणार्थीचा विश्लेषकच संस्थेला कळवायचा की हा पुढे जायला लायक आहे की नाही. विचार करा, ज्याच्यापुढे मनातलं काहीही बोलायचं, तोच तुमचा परीक्षक! मग कोण खरं बोलेल? बऱ्याच संस्थांनी ही पद्धत नंतर बंद केली. ऑटो कर्नबर्ग यांनी १९९६ मध्ये प्रशिक्षणार्थींची सर्जनशीलता नष्ट करण्याचे तीस उपाय सांगणारा एक उपरोधिक लेख लिहिला. कर्नबर्ग स्वतः या क्षेत्रातलं मोठं नाव, त्यामुळे घरचा आहेरच म्हणायचा.

दोन: वाचन

हे आपल्या ओळखीचं. फ्रॉइड, क्लाइन, विनिकॉट, बियॉन, अटॅचमेंटचं संशोधन, मानसिक आजारांचं वर्गीकरण. आठवड्यातून एक-दोन वर्ग, तीन-चार वर्षं. डॉक्टर नसलेल्यांना यात जागा आहे का, हा वाद जुना आहे. थिओडोर राइक या डॉक्टर नसलेल्या विश्लेषकावर व्हिएन्नात भोंदूगिरीचा ठपका आला, तेव्हा त्याची बाजू घेत फ्रॉइडने १९२६ मध्ये एक छोटं पुस्तकच लिहिलं. त्यात त्याच्या कल्पनेतला अभ्यासक्रम आहे: जीवशास्त्र तर हवंच, शिवाय पुराणकथा, धर्माचं मानसशास्त्र आणि साहित्यही. सुधीर कक्कर यांचं उदाहरण घ्या. अहमदाबादला मेकॅनिकल इंजिनिअर झालेला माणूस, पुढे फ्रँकफर्टला मनोविश्लेषणाचं प्रशिक्षण घेऊन दिल्लीत प्रॅक्टिस करू लागला.

तीन: बाळाकडे बघत बसा

ही ती लंडनची भर. १९४८ मध्ये टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये एस्थर बिक यांनी सुरू केली. प्रशिक्षणार्थीने एका घरी दर आठवड्याला एक तास जायचं, बाळ जन्मल्यापासून ते दोन वर्षांचं होईपर्यंत. करायचं काय? काहीच नाही. बघायचं. वही काढायची नाही, सल्ला द्यायचा नाही, बाळाला खेळवून वेळ मारून न्यायची नाही. घरी गेल्यावर आठवून सगळं लिहायचं आणि गटात वाचायचं.

ऐकायला सोपं वाटतं. पण बाळ दहा मिनिटं रडतंय, आई फोनवर आहे, आणि तुम्ही कोपऱ्यात बसलाय. हात शिवशिवतात. आईचा राग येतो. थोड्या वेळाने बाळाचाच राग येतो. हे सगळं मनात येऊ द्यायचं आणि तरी जागेवर बसून बघत राहायचं, याचा हा सराव. पुढे समोर रडणाऱ्या माणसाला घाईघाईने "सगळं ठीक होईल" म्हणण्याचा मोह आवरतो, तो इथून.

आपल्याकडच्या घरात हे करायचं म्हटलं तर आणखी गंमत. बाळ आईकडून आजीकडे, आजीकडून काकूकडे फिरतं. म्हणजे निरीक्षण नक्की कुणाच्या नात्याचं करायचं? आणि आलेल्या माणसाला चहा विचारला जाणारच, "नको" म्हटलं तर अर्धा कप तरी. युरोपातल्या आई-बाळाच्या जोडीवर बेतलेली पद्धत इथे तशीच्या तशी बसत नाही. मला तर वाटतं, हा चहा आणि हे हातोहात फिरणं, हीच इथली निरीक्षणाची सामग्री आहे.

चार: देखरेखीखाली रुग्ण

यातच सगळं एकत्र येतं. प्रशिक्षणार्थी रुग्ण बघतो, सत्र संपल्यावर कोण काय बोललं ते आठवून सविस्तर लिहितो, आणि आठवड्याला एकदा अनुभवी थेरपिस्टपुढे ते वाचतो. याला सुपरव्हिजन म्हणतात. सुपरव्हायजर फक्त "इथे हे बोलायला हवं होतं" असं सांगत नाही. तो विचारतो, "इथे तुम्ही विषय का बदललात?" किंवा "या रुग्णाबद्दल बोलताना तुमचा आवाज का उतरला?" पुष्कळदा विसरलेला भागच महत्त्वाचा निघतो.

आता पुरावा

इथपर्यंत सगळं पटण्यासारखं आहे. पण पटण्यासारखं असणं आणि खरं असणं यात फरक असतो, म्हणून आकड्यांकडे जाऊ.

पहिला प्रश्न: ही थेरपी चालते का? २०१७ मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्रीत २३ प्रयोगांचा, २,७५१ रुग्णांचा एकत्रित आढावा आला. निष्कर्ष असा की सायकोडायनॅमिक थेरपीचे परिणाम इतर सिद्ध उपचारांच्या तोडीचे आहेत. ठीक.

दुसरा प्रश्न अवघड: प्रशिक्षणाने थेरपिस्ट चांगला होतो का? अमेरिकेत व्हँडरबिल्ट विद्यापीठात हॅन्स स्ट्रुप यांनी यावर आयुष्य घालवलं. १९७९ मध्ये त्यांनी आणि सुझान हॅडली यांनी एक प्रयोग छापला. नैराश्य आणि चिंता असलेल्या कॉलेजच्या मुलांचे गट केले. एका गटाला मुरलेले थेरपिस्ट दिले, दुसऱ्याला विद्यार्थ्यांशी आपुलकीने वागणारे, पण थेरपीचं काहीही न शिकलेले प्राध्यापक. सरासरी काढली तर दोन्ही गट सारखेच सुधारले. या क्षेत्रातल्या लोकांची झोप उडवणारा निकाल होता.

मग स्ट्रुप यांनी पुढचा प्रयोग केला. १६ प्रॅक्टिस करणाऱ्या थेरपिस्टना घेतलं, ८ मानसोपचारतज्ज्ञ आणि ८ मानसशास्त्रज्ञ. त्यांना एक वर्ष छोट्या मुदतीच्या सायकोडायनॅमिक थेरपीचं प्रशिक्षण दिलं, ठरलेल्या मॅन्युअलनुसार. १९९३ मध्ये निकाल आले. तंत्र सगळे शिकले, पण काही बाबतीत रुग्णांशी वागणं उलट बिघडलं. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची ओळ ही: जे थेरपिस्ट स्वतःशी कठोर वागत, स्वतःला सतत दोष देत, त्यांनी मॅन्युअल सगळ्यात काटेकोरपणे पाळलं. हे त्याच गटाच्या १९९० च्या अभ्यासाशेजारी ठेवा. त्यात दिसलं होतं की स्वतःशी कठोर असलेले थेरपिस्ट रुग्णांशी बोलतानाही नकळत टोचून किंवा दाबून बोलतात, आणि असं बोलणं जिथे जास्त, तिथे रुग्ण फारसे सुधारत नाहीत. अभ्यास लहान होता, अवघ्या १४ जोड्यांचा, त्यामुळे यावर इमले बांधू नयेत. पण दिशा लक्षात घ्या. वर्गात पहिला येणारा विद्यार्थी कदाचित सगळ्यात धोक्याचा असतो, आणि ते परीक्षेत कळत नाही.

तिसरा प्रश्न: अनुभवाने तरी सुधारणा होते का? २०१६ मध्ये सायमन गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी १७० थेरपिस्ट आणि त्यांचे ६,५९१ रुग्ण यांची माहिती तपासली. प्रत्येक थेरपिस्टची सरासरी पावणेपाच वर्षं. अनुभव वाढला तसे परिणाम किंचित घसरले. घसरण अगदी बारीक, पण वाढ नक्कीच नाही. मध्येच थेरपी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण मात्र कमी झालं. आणि काही थेरपिस्ट खरोखर सुधारत गेले.

मग फरक पडतो तो कशाने? २००९ मध्ये टिमोथी अँडरसन यांच्या गटाने २५ थेरपिस्टना अवघड रुग्णांचे व्हिडिओ दाखवले: कुणी चिडलेला, कुणी गप्प, कुणी थेरपिस्टला तुच्छ लेखणारा. "आता तुम्ही काय म्हणाल?" असं विचारून उत्तरं रेकॉर्ड केली. या उत्तरांना मिळालेल्या गुणांवरून त्यांच्या १,१४१ रुग्णांच्या सुधारणेचा अंदाज करता आला. म्हणजे समोरचा माणूस तुम्हाला ढकलत असताना तुम्ही किती शांत, उबदार आणि स्पष्ट राहता, हे मोजता येतं आणि ते महत्त्वाचं असतं.

आता हे सगळं चार खांबांशी जोडा. स्वतःची थेरपी, बाळाचं निरीक्षण आणि सुपरव्हिजन नेमकं याच क्षमतेवर काम करायला बघतात. वाचन करत नाही. ऑर्लिन्स्की आणि रोनेस्टाड यांनी २००५ मध्ये सुमारे ५,००० थेरपिस्टची पाहणी मांडली. घडण्यात सगळ्यात जास्त वाटा कशाचा, या प्रश्नावर सर्वांत वर आलेली तीन उत्तरं अशी: रुग्णांबरोबरचं काम, सुपरव्हिजन आणि स्वतःची थेरपी. पुस्तकं आणि वर्ग त्यानंतर. पण ही थेरपिस्टांची स्वतःबद्दलची मतं आहेत. स्वतः थेरपी घेतलेल्या थेरपिस्टचे रुग्ण जास्त बरे होतात, असं ठामपणे दाखवणारा पुरावा आजपर्यंतच्या अभ्यासांत नाही. निकाल उलटसुलट आहेत. म्हणून माझं मत एवढंच: ही पद्धत योग्य जागी बोट ठेवते, पण ते बोट योग्य जागी आहे हे तिने अजून मोजून दाखवलेलं नाही. शंभर वर्षं झाली, आता मोजायला हवं.

आपल्याकडे

हे सगळं परदेशातलं, असं समजू नका. कोलकात्यात गिरींद्रशेखर बोस या डॉक्टरने १९२२ मध्ये पारसीबागान लेनमधल्या राहत्या घरी इंडियन सायकोअ‍ॅनालिटिकल सोसायटी स्थापन केली. बर्लिनच्या दवाखान्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी! बोस यांचं विश्लेषण कुणीच केलं नव्हतं, फ्रॉइडसारखंच. दोघांचा पत्रव्यवहार वर्षानुवर्षं चालला आणि बोस आपले मतभेद स्पष्ट लिहीत. मुंबईचा धागा वेगळा. १९३८ च्या वांशिक कायद्यांमुळे एमिलिओ सर्वाडिओ हे ज्यू विश्लेषक इटली सोडून मुंबईत आले आणि युद्धाची वर्षं इथे काम करत राहिले. आज मुंबईत या पद्धतीचं प्रशिक्षण मिळतं.

मिळतं, पण बहुतेक इंग्रजीत. आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते इथे. मराठी रुग्ण पहिल्या दिवशी थेरपिस्टला "मॅडम" म्हणतो, दोन महिन्यांनी "ताई" म्हणतो आणि एक दिवस चिडून "तू" म्हणतो. ट्रान्सफरन्सचा अख्खा प्रवास या तीन शब्दांत आहे. सुपरव्हिजनसाठी सत्र इंग्रजीत लिहिलं की तिन्हींचं 'यू' होतं. "मनाला लागलं", "जीव वर-खाली होतो", "अंगावर आलं" यांचंही तेच. कक्कर यांनीही लिहिलंय की त्यांचं विश्लेषण जर्मनीत, जर्मन विश्लेषकाकडे झालं, तेव्हा नात्याबद्दलच्या त्यांच्या भारतीय अपेक्षा आणि समोरची शिस्त यांत अंतर पडत होतं. फ्रँकफर्टमध्ये ते समजण्यासारखं आहे. पुण्यात किंवा नाशिकमध्ये बसून मराठी माणसाचं मन इंग्रजीत लिहून काढायचं, हे मात्र आपण बदलू शकतो. निदान महत्त्वाची वाक्यं तरी रुग्णाच्याच शब्दांत लिहून न्यावीत. काही खर्च नाही त्याला.

मग करायचं काय?

तुम्हाला या वाटेने जायचं असेल, तर आधी हिशेब करा. समजा तुमच्या स्वतःच्या थेरपीचे एका सत्राला १,५०० रुपये, आठवड्यातून दोनदा, वर्षातून ४४ आठवडे. वर्षाचे १,३२,००० रुपये. चार वर्षांचे ५,२८,०००. यात फी नाही, सुपरव्हिजन नाही. म्हणून ही वाट अजूनही मोठ्या शहरातल्या, घरचा आधार असलेल्या लोकांची राहिली आहे, आणि त्याचा परिणाम कुणाची दुःखं ऐकली जातात यावर होतो. संस्थेला तीन गोष्टी विचारा. माझा थेरपिस्ट माझ्याबद्दल तुम्हाला कळवणार का? सुपरव्हिजन किती तास आणि कुणाकडे? कोर्स संपल्यावर कायदेशीर दर्जा काय? भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल करते. सायकोडायनॅमिक कोर्सचं प्रमाणपत्र म्हणजे ती नोंदणी नव्हे.

आणि तुम्ही थेरपी घ्यायला जाणार असाल, तर भिंतीवरची प्रमाणपत्रं बघा जरूर, पण दोन प्रश्नही विचारा: "तुम्ही स्वतः थेरपी घेतली आहे का?" आणि "तुमचं सुपरव्हिजन अजून चालू आहे का?" विचारायला संकोच वाटेल. पण वरच्या संशोधनाप्रमाणे उत्तराइतकंच बघायचं आहे ते उत्तर देण्याची पद्धत. अवघड प्रश्नावर समोरचा माणूस चिडला, की शांतपणे नीट उत्तर देता झाला? अँडरसन यांनी व्हिडिओ दाखवून घेतलेली परीक्षा तुम्ही पहिल्याच भेटीत, दोन मिनिटांत घेऊ शकता.